सृष्टीकथा कशी वाचावी?

उत्क्रांती खरी की उत्पत्ती खरी, हा वाद आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी तो पुन्हा आरंभापासूनच सुरू होतो. महाराष्ट्रात तो ठळकपणे ऐकू आला तो जानेवारी २०१८ मध्ये. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भरलेल्या वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री डॉ. सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. माणूस पृथ्वीवर दिसू लागला तेव्हापासून तो माणूसच आहे. वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितले नाही की लिहून ठेवले नाही. म्हणून अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्रित निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. खात्याचे ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्यास अशी विधाने टाळण्यास सांगितले.

त्याच्या चारच महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रम ह्या गावाचे नाव मराठी साहित्यविश्वात सर्वतोमुखी झाले होते. ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी ह्या गावाची निवड झाली होती. शुकदास महाराजांनी स्थापन केलेला विवेकानंद आश्रम हा ह्या गावाचा प्राण. आश्रमाच्या शिक्षणसंस्था आणि स्वामी विवेकानंदांच्या जयंतीला अफाट जनसमुदायाला पंगतीत बसवून वाढला जाणारा पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद विदर्भात सर्वश्रुत आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून निवडीला हरकत घेण्यात आली, वाद पेटला, आणि आश्रमाने आपले निमंत्रण मागे घेतले. संमेलन फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्यास भरले.

त्या वादात कोणाचे किती बरोबर होते, ह्याचा निवाडा आम्हांला येथे करावयाचा नाही. परंतु ह्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या असता एक गोष्ट ध्यानात येते. एका ठिकाणी श्रद्धेने विज्ञानाच्या वर्गात शिरून फळा पुसू पाहिला. दुसऱ्या ठिकाणी श्रद्धावंत आणि बुद्धिवादी एका साहित्यमंडपात बसू शकले नाहीत. दोन्ही ठिकाणी जो प्रश्न शांतपणे विचारला गेला पाहिजे होता तो राहूनच गेला. प्राचीन कथा, मग ती कोणत्याही धर्माची असो, वाचावी कशी?

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना परका नाही. राज्य मंडळाचे दहावीचे विज्ञानाचे जे पुस्तक २०१८ साली आले, त्याच्या दुसऱ्या भागातील पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे होते. तेच मूल रविवारी श्रद्धाशिक्षणाच्या वर्गात आदाम आणि एवेची कथा ऐकते. संध्याकाळी भ्रमणध्वनीवर कोणीतरी धाडलेली चित्रफीत त्याला सांगते की पृथ्वीचे वय अवघे सहा हजार वर्षे असून डार्विन हा ख्रिस्ताचा वैरी होय. ही शिकवण कॅथोलिक ख्रिस्तसभेची नाही. पण येशूचे नाव आणि पवित्र ग्रंथातील वचने जोडलेली असल्यामुळे आपल्या माणसांना ती आपलीच वाटते. दुसऱ्या बाजूने, एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे निषेध नोंदवला. आपल्या समाजात मात्र त्याची चर्चा फारशी झाली नाही. आपल्या मुलाला शाळेत एक आणि देवळात दुसरे ऐकू येते, आणि ह्या दोहोंचा मेळ घालण्याचे काम आपण त्या कोवळ्या जिवावर सोडून देतो. पुढे ते मूल महाविद्यालयात जाऊन एक तर विज्ञानाकडे संशयाने पाहू लागते, नाही तर देवळाकडे पाठ फिरवते. दोन्हींत आपलेच नुकसान आहे.

आमचे म्हणणे असे, की ह्या वादाच्या मुळाशी विज्ञानाचे अज्ञान आहेच; पण त्याहून अधिक आहे ते साहित्याचे अज्ञान. कोणता मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखता न आल्यामुळे हे भांडण उभे राहते.

प्रथम मंत्रिमहोदयांचा युक्तिवाद घेऊ. कोणी पाहिले नाही, म्हणून ते घडले नाही. हा युक्तिवाद तपासण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. हिवरा आश्रमाच्या मेहकर तालुक्याला लागूनच लोणार तालुका आहे. लोणारचे सरोवर म्हणजे काळ्या पाषाणात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा जवळजवळ गोल खळगा. हे विवर पडताना कोणी पाहिल्याची नोंद नाही. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली, आणि पुढे दीर्घकाळ भूशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीचे कार्य समजत राहिले. ते मत बदलले ते १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे. विवराच्या खडकांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली. ती प्रचंड आघातानेच तयार होते. ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही. तेव्हापासून लोणार हे आकाशातून आदळलेल्या पाषाणाचे विवर, हे मान्य झाले. त्याच्या वयाविषयी मतभेद राहिला. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे आले, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

विज्ञानाची म्हणून जी रीत आहे ती ह्या एका उदाहरणात पुरती दिसते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसला तरी खडक साक्ष देतो. साक्ष नवी मिळाली तर जुने मत सोडावे लागते, आणि ते सोडण्यात कमीपणा मानला जात नाही. ‘शास्त्रज्ञांचे मत सारखे बदलते, मग विश्वास कसा ठेवावा?’ असे आपल्यातील वडीलधारी मंडळी विचारतात. लोणारचे मत बदलले हे खरे. परंतु ते ज्वालामुखीवरून आघाताकडे गेले, कोणाच्या लहरीप्रमाणे मागेपुढे गेले नाही. आणि वय ५० हजार धरा की पावणेसहा लाख, सहा हजार वर्षांच्या पृथ्वीत ते विवर बसत नाही. ज्या पाषाणात ते पडले तो तर साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा.

जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा पुरावाही ह्याच जातीचा आहे. खडकांच्या थरांत क्रमाने सापडणारे जीवाश्म, निरनिराळ्या प्राण्यांच्या हाडांच्या रचनेतील साम्य, माणसाच्या शरीरात उरलेले निरुपयोगी अवयव, आणि आता पेशींतील गुणसूत्रांचा पुरावा, हे सर्व एकमेकांना दुजोरा देतात. आजच्या माकडाचा उद्या माणूस होतो असे डार्विनने म्हटलेले नाही. माणूस आणि आजचे वानर ह्यांचे पूर्वज फार मागे एक होते, एवढेच त्याचे म्हणणे. मंत्रिमहोदयांनी ज्याचे खंडन केले, ते डार्विनचे मतच नव्हते.

आता लोणारची दुसरी कथा. स्थळपुराण सांगते की येथे लवणासुर नावाचा दैत्य भूमीच्या पोटात लपून राही आणि लोकांस पीडा देई. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले आणि त्याचा वध केला. त्याच्या रक्ताचे पाणी झाले, मांसाचे मीठ. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर ह्याच कथेचे. सरोवराचे पाणी खारट का, ह्याचे उत्तर त्या कथेत आहे. पण ती सांगणाऱ्याचा भर मिठावर नाही. लोकांना छळणारा कितीही खोल दडला तरी त्याचा शेवट होतो, हा दिलासा त्या कथेचा गाभा होय. ही आपल्या श्रद्धेची कथा नव्हे. तरीही तिची जात ओळखण्यास अडचण पडत नाही. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचा अभ्यास करून खारटपणा वाढल्यामुळे बळावलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे सांगितले. ह्या निष्कर्षामुळे दैत्यसूदनाच्या मंदिराला काही बाधा आली नाही, आणि संशोधनालाही मंदिराची आडकाठी झाली नाही. पुराणाला रसायनशास्त्राची जागा द्यावी असे वाटले तरच भांडण सुरू होते.

ह्या भांडणातून सुटण्यासाठी एक सोपी वाट काढली जाते, आणि ती अधिक फसवी आहे. जे विज्ञानाने आज शोधले ते आमच्या ग्रंथात आधीच होते, असे म्हणावयाचे. दशावतारांत मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम म्हणजे उत्क्रांतीच होय, हे विधान आपण किती वेळा ऐकले असेल! ज्यांच्या नावाने हिवऱ्याचा आश्रम उभा आहे त्या स्वामी विवेकानंदांनीही ‘राजयोग’ ह्या १८९६ सालच्या ग्रंथात पतंजलीच्या सूत्रांचा अर्थ लावताना डार्विनचा विचार केला आहे. पतंजलीचा दृष्टान्त शेतकऱ्याचा: तो पाणी निर्माण करीत नाही, वाटेतला बांध काढतो आणि पाणी आपल्या स्वभावाने शेतात उतरते. तसेच प्रत्येक जीवात पूर्णता आधीच आहे, अडथळे दूर झाले की ती प्रकट होते. म्हणून जीवनकलह हे उन्नतीचे खरे कारण नव्हे, असे स्वामीजींचे प्रतिपादन. स्वामीजींनी उत्क्रांती नाकारली नाही, हे आजच्या मंत्र्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. मात्र पतंजलीचे सूत्र साधनेविषयी आहे. त्याला जीवशास्त्राच्या प्रश्नाचे उत्तर मानले, की सूत्रही दुबळे होते आणि जीवशास्त्रही. बांध फोडण्याचा तो दृष्टान्त साधकाच्या मनाविषयी जे सांगतो ते मोलाचे आहे. माशाच्या कल्ल्यांविषयी तो काही सांगत नाही.

हाच दोष आपल्याही घरी आहे. ‘उत्पत्ती’तील सहा दिवस म्हणजे सहा युगे, पहिल्या दिवसाचा प्रकाश म्हणजे महास्फोट, असे मेळ आपले प्रवचनकारही घालतात. हेतू चांगला असतो. पण विज्ञानाचे मत उद्या बदलले तर पवित्र ग्रंथही बदलावयाचा काय? विश्वाच्या विस्ताराचा सिद्धान्त मांडणारे झॉर्झ लमेत्र हे स्वतः कॅथोलिक धर्मगुरू होते. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली त्या सिद्धान्तात निर्मितीच्या श्रद्धेला पुष्टी मिळते अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त धर्माच्या बाजूचा नाही आणि विरुद्धही नाही, अशी त्यांची भूमिका होती.

मग ‘उत्पत्ती’चे पहिले अध्याय वाचावेत कसे? ते जे आहेत ते म्हणून. वाचक डोळे उघडे ठेवून वाचू लागला तर ग्रंथ स्वतःच आपली जात सांगतो. पहिल्या दिवशी प्रकाश होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. पहिल्या अध्यायात वनस्पती आणि प्राणी आधी, मग स्त्री-पुरुष बरोबरीने निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात पुरुष आधी, मग बाग, मग पशुपक्षी, आणि शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसला नसेल, असे मानणे म्हणजे त्यांना आपल्याहून भोळे समजणे होय. त्यांना घटनांचा क्रम नोंदवावयाचा नव्हता, म्हणून त्यांनी दोन्ही राखले. पहिल्या अध्यायाची रचना तर एखाद्या स्तोत्रासारखी बांधीव आहे. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात: उजेड आणि अंधार, आकाश आणि जल, भूमी. पुढच्या तीन दिवसांत त्या जागा भरल्या जातात: सूर्यचंद्रतारे, पक्षी आणि मासे, भूचर आणि मानव. सातवा दिवस विसाव्याचा. ज्या लोकांमध्ये हा अध्याय आकाराला आला त्यांनी बाबिलोनचा बंदिवास भोगला होता. तेथे सूर्य आणि चंद्र हे देव होते. ‘उत्पत्ती’चा कर्ता त्यांची नावेही घेत नाही, एक मोठा दिवा, एक लहान दिवा, एवढेच म्हणतो. जेत्यांचे देव ज्याने दिव्यांच्या खुंटीला टांगले, त्याला खगोलशास्त्र लिहावयाचे नव्हते. पराभूतांना त्याला धीर द्यावयाचा होता.

ही दृष्टी आधुनिकांनी डार्विनला भिऊन शोधून काढली, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा नाही. सूर्य नसताना तीन दिवस कसे मोजले, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेनने विचारला होता. संत ऑगस्टीन यांनी ‘उत्पत्ती’वरील आपल्या भाष्यात हे दिवस सूर्याने मोजलेले दिवस नव्हेत असे मत मांडले. निसर्गाविषयी अडाणीपणाची विधाने पवित्र ग्रंथाच्या नावावर करणाऱ्या ख्रिस्ती माणसामुळे अख्रिस्ती सुज्ञांपुढे धर्माचेच हसे होते, अशी कानउघाडणीही त्यांनी केली. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा; ऑगस्टीनचे भाष्य त्याच्या चौदाशेहून अधिक वर्षे आधीचे.

आपल्या मराठी परंपरेत तर ह्या प्रश्नाचे एक सुंदर सूचन दडलेले आहे. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. तो १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला, आणि पुढे कित्येक पिढ्या देवळांतून वाचला-गाइला गेला. पहिला भाग जुन्या कराराचा, दुसरा प्रभू येशूच्या चरित्राचा. ह्या ग्रंथाला आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो, आणि त्याच्या दोन्ही भागांना फादर स्टीफन्स यांनी पुराण हेच नाव दिले आहे. हे नाव सहज पडलेले नाही. आपल्या परंपरेने पुराणाची पाच लक्षणे सांगितली आहेत: सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित. सर्ग म्हणजे सृष्टीची उत्पत्ती. फादर स्टीफन्स सृष्टीपासून आरंभ करतात आणि वंशावळीच्या वाटेने ख्रिस्ताकडे येतात. स्वर्गाला ते ‘वैकुंठ’ म्हणतात. पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्याला ते त्याच्या ओळखीच्या आसनावर बसवतात. जुनी पुराणे सुटलेल्या श्रोत्याला, आपण कोठून आलो आणि कोणाचे आहोत, हे सांगणारी कथा हवी होती. ती त्यांनी दिली.

येथे समीक्षकाने प्रामाणिक राहिले पाहिजे. फादर स्टीफन्स हे त्यांच्या काळाचे होते. आदामाची कथा घडलेला इतिहास आहे, असेच त्यांनी मानले असणार. त्यांना डार्विनचे पूर्वसूरी ठरवणे म्हणजे दशावताराचीच चूक पुन्हा करणे. परंतु लेखकाचा साहित्यप्रकार कधी कधी लेखकाहून अधिक जाणतो. पुराणात सृष्टी येते ती श्रोत्याचे नाते सांगण्यासाठी: तू आकस्मिक पडलेला धोंडा नाहीस, तुला कोणीतरी इच्छिले आहे. ओवी गाणाऱ्या साष्टीच्या शेतकऱ्याने कथेतून नेमके हेच घेतले असेल. त्याने पृथ्वीचे वय मोजावयाला घेतले नसेल. ह्याच १६१६ साली रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर, दुरुस्ती होईपर्यंत म्हणून, बंदी घालण्यात आली. सूर्याच्या भ्रमणाची वचने खगोलशास्त्राची समजून वाचली गेली आणि पुढे गॅलिलिओला त्याची किंमत मोजावी लागली. त्या प्रकरणातील चुकांची स्पष्ट कबुली १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात दिली गेली.

ख्रिस्तसभेने हा धडा सावकाश गिरवला, हे मान्य केले पाहिजे. बायबलविषयक परमआयोगाने १९०९ साली ‘उत्पत्ती’च्या पहिल्या तीन अध्यायांच्या ऐतिहासिक आशयावर भर दिला, तरी ‘दिवस’ ह्या शब्दाच्या अर्थाविषयी मोकळीक ठेवली. पायस बारावे यांनी १९४३ च्या परिपत्रकात पवित्र ग्रंथातील साहित्यप्रकार ओळखण्यास अभ्यासकांना उत्तेजन दिले. १९५० च्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधन व चर्चा करण्यास त्यांनी मनाई केली नाही. आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो, ही श्रद्धा अढळ ठेवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, लेखकाला काय म्हणावयाचे होते हे जाणण्यासाठी साहित्यप्रकारांकडे लक्ष द्यावे, असे सांगितले. १९९२ च्या कॅटेकिझमने सहा दिवसांचे वर्णन प्रतीकात्मक असल्याचे म्हटले. ऑक्टोबर १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी पोंटिफिकल विज्ञान अकादमीला पाठविलेल्या संदेशात उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ तर्क राहिलेला नाही असा निर्वाळा दिला. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी, देव म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे, अशा शब्दांत तीच भूमिका पुढे नेली.

ह्याची सर्वांत बोलकी खूण मात्र परिपत्रकांत नसून नाताळच्या रात्री मिळते. ख्रिस्तजन्माच्या रोमन घोषणेत पूर्वी जगाच्या निर्मितीपासून ५१९९ वर्षे झाली असता प्रभूचा जन्म झाला, असे गाइले जाई. २००१ साली सुधारलेल्या रोमन हुतात्मावलीत त्या आकड्याच्या जागी अगणित युगे लोटल्याचा उल्लेख आला. घोषणा तीच, आनंद तोच. फक्त न पेलणारा आकडा गळला. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया घालणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टीनियन मठवासी होते, हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. वाटाण्यावरील त्यांचा प्रबंध १८६६ साली छापला गेला. दहावीच्या मुलांना मेंडेलचे नाव ठाऊक असते. तो धर्मगुरू होता हे पुष्कळांना ठाऊक नसते.

तर मग सृष्टीकथेला आज सांगण्याजोगे काही उरते काय? आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे ते उरते, आणि ते महाराष्ट्राच्या मातीतच नीट समजते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. जोतीराव आणि धोंडीबा ह्यांच्या त्या संवादाचा आरंभच एका सृष्टीकथेच्या चिकित्सेने होतो: ब्रह्मदेवाच्या निरनिराळ्या अवयवांपासून चार वर्ण जन्मले, ही कथा. फुल्यांनी तिची जी टर उडविली तिचा रोख जीवशास्त्रावर नव्हता. कथेला वस्तुस्थिती मानून त्यावर माणसामाणसांतील उतरंड उभी केली गेली, ह्यावर त्यांचा घाव होता. सृष्टीकथा निरुपद्रवी नसते, हे त्यांनी ओळखले. तिच्यातून माणसाची किंमत ठरते. विज्ञानाच्या नावावरही हेच घडू शकते. जीवनकलहाचा सिद्धान्त समाजाला लावून दुर्बळांनी मरावे हाच निसर्गनियम, असे सांगणारे गेल्या शतकात निघाले आणि त्यातून भयंकर अत्याचार झाले. डार्विनचे विज्ञान त्याला जबाबदार नाही. माणसाचे मोल सांगण्याचे काम विज्ञानाकडे सोपवणारे जबाबदार आहेत.

‘उत्पत्ती’ची कथा ह्या ठिकाणी आपले खरे बळ दाखवते. मानव देवाच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झाला, असे ती म्हणते. शेजारच्या राष्ट्रांत राजा तेवढा देवाची प्रतिमा. येथे प्रत्येक स्त्री आणि प्रत्येक पुरुष. सर्वांचे कूळ एक. कोणी मुखातून आला नाही, कोणी पायातून आला नाही. सगळे एकाच मातीचे आणि एकाच श्वासाचे. विज्ञानही आपल्या वाटेने सांगते, की आज पृथ्वीवर असलेली सर्व माणसे एकाच जातीची असून तिची मुळे आफ्रिकेत, सुमारे तीन लाख वर्षांपर्यंत मागे जातात. विज्ञानाचे हे निरीक्षण म्हणजे आपल्या श्रद्धेचा पुरावा नव्हे, हे आम्ही वर म्हटलेलेच आहे. एक सांगते आपण कसे आलो. दुसरी सांगते एकमेकांशी कसे वागावे.

आणि इथेच आपल्याला खाली पाहावे लागते. साष्टीत ‘ख्रिस्तपुराण’ ऐकणाऱ्यांनी एका आदामाची कथा भक्तीने ऐकली, आणि देवळाबाहेर बामण, चारडो, सुदिर हे भेद जसेच्या तसे ठेवले. कोकणपट्टीतील आपल्या इतर समाजांनाही ह्यात बोट दाखवण्याचा अधिकार नाही. मुलामुलीचे लग्न ठरवताना आपण कोणता प्रश्न आधी विचारतो, हे ज्याचे त्याने आठवावे. सहा दिवसांवर अक्षरशः विश्वास ठेवणारा आणि सोयरीक जातीत शोधणारा कॅथोलिक हा ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय मानतो, असे आम्हांला म्हणवत नाही. ज्याला डार्विन पूर्णपणे पटला आहे आणि जो दारात आलेल्या सफाई कामगाराला घरात बोलावून आपल्याच पेल्यात पाणी देतो, त्याने तो अध्याय अधिक नीट वाचला आहे.

म्हणून आमची आपल्या वाचक कुटुंबांस आणि श्रद्धाशिक्षकांस एक विनंती आहे. दहावीच्या मुलाने उत्क्रांतीविषयी विचारले तर त्याला गप्प करू नये, आणि सहा युगांचा खोटा मेळही घालून देऊ नये. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकाचे ते प्रकरण त्याच्यासोबत बसून वाचावे. मग ‘उत्पत्ती’चे पहिले दोन अध्याय एकामागून एक मोठ्याने वाचावेत आणि दोहोंतील फरक त्यालाच शोधू द्यावा. जमल्यास येत्या उपवासकाळात धर्मग्रामातील एखाद्या संध्याकाळी ‘ख्रिस्तपुराणा’तील सृष्टीचा भाग ओव्यांच्या चालीवर म्हणावा. जे. एल. साल्ढाणा यांची १९०७ ची रोमन लिपीतील आवृत्ती आणि शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती अभ्यासू मंडळींना ठाऊक आहेत. मोठ्या ग्रंथालयांत शोध घ्यावा. वाचन संपल्यावर उपस्थितांनी जगाच्या वयाची चर्चा करीत बसू नये. आपल्या धर्मग्रामात कोणाला अजून वेगळ्या पंगतीत बसवले जाते, ह्याची चर्चा करावी.